आधी भिंतीची ओल पाहा



काष्टीचा शनिवारचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी तिथे लांबलांबून माणसे येतात. माझे गाव तेच, आणि नोकरी कृषी विस्ताराची. त्यामुळे बाजारात चार पावले चाललो की कोणीतरी हटकतेच. पूर्वी विचारणा व्हायची ती बियाण्याची, खताची, माव्या-तुडतुड्याची. अलीकडे मात्र एक वेगळाच प्रश्न येतो. "साहेब, घराचं काम काढलंय. आतून भिंतीला काय करू? नीरू करू, पीओपी करू, का पुट्टी मारू?"

शेतकीच्या माणसाला हे कशाला विचारायचे, असे तुम्हाला वाटेल. पण गावात शिकलेल्या माणसाला सगळेच विचारतात. आणि मीही एके काळी छातीठोकपणे सांगत असे. त्या छातीठोकपणाची किंमत माझ्या चुलतभावाला मोजावी लागली. ती हकीकत आज सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कोणावर तरी ती पाळी यायची टळेल.

आबा माझे थोरले चुलतभाऊ. त्यांचे घर जुने, दगड-मातीच्या भिंतींचे. वरचे माळवद जाऊन पत्रे आले होते, पण भिंती वडिलार्जितच राहिल्या. २०१९ च्या मे महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले. नवी सून येणार, पाहुणे येणार, म्हणून माजघर नीट करायचे त्यांनी मनावर घेतले. घरचा एक खिलार खोंड त्यांनी शनिवारच्या बाजारात विकला, पैसे कनवटीला लावले आणि माझ्याकडे आले.

"भाऊ, तू म्हणशील तसं करू," ते म्हणाले.

मी नुकताच पुण्याला एका नातेवाइकाचा फ्लॅट पाहून आलो होतो. भिंती कशा, तर अंड्याच्या टरफलासारख्या! मी म्हटले, "आबा, आता शेणामातीचं दिवस गेलं. आधी सिमेंटचा गिलावा करा आणि वरून पीओपी. वीस वर्षं बघायला नको."

थोरली काकू, म्हणजे आबांची आई, उंबऱ्यात बसली होती. तिने सारा जन्म त्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला. दसरा-दिवाळी आली की तिचे हात कोपरापर्यंत मातीत असायचे. ती एवढेच म्हणाली, "आरं, ही मागली भित पावसाळ्यात घामेजती. घामेजल्याल्या माणसावर घोंगडं टाकू नये."

आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो.

लग्न थाटात झाले. माजघर असे उजळले की ट्यूबलाइट लावायची गरज पडेना. पाहुण्यांनी भिंतीवरून हात फिरवून पाहिले आणि मला मनातून फुगल्यासारखे झाले. मग पावसाळा आला. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस उघडला नाही. दिवाळीच्या आधीच मागच्या भिंतीला खालून कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगारे आले होते. बोट लावले की पीठ पडायचे. त्या भिंतीला टेकून वर्षाच्या गव्हाची सहा पोती रचली होती. खालच्या दोन पोत्यांना बुरशी लागली, कुबट वास सुटला आणि तो गहू जनावरांनाही घालण्याच्या लायकीचा राहिला नाही.

आबा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते चार शब्द बोलले असते तर बरे झाले असते. नवी सून रोज सकाळी भिंतीखाली पडलेली पांढरी भुकटी केरसुणीने भरत होती. ते पाहून मला खाली मान घालावी लागली.

बंधूंनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की, माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका. आणि स्वतः मात्र भिंतीला हातही न लावता तिला मात्रा देऊन मोकळा झालो होतो. नंतर मी नीट चौकशी केली, जुन्या गवंड्यांना भेटलो, माझीच जुनी पुस्तके पुन्हा उघडली. जे समजले ते क्रमाने सांगतो.

प्रथम आपल्या माहितीचे लेप पाहू.

पहिला नीरू. नीरू म्हणजे विरवलेला, बारीक गाळलेला चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडीच होते. म्हणजे डोंगरातून निघालेला दगड भिंतीवर येऊन पुन्हा दगड होतो. जुन्या वाड्यांसाठी हा चुना बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली मळत. सिमेंटच्या गिलाव्यावर नीरू करायचा असेल तर गिलावा ओला असतानाच, त्याच दिवशी करावा लागतो. जाडी दोन रुपयांच्या नाण्याएवढी पुरे. मग आठवडाभर पाणी मारायचे. हा लेप स्वस्त पडतो, आणि त्यातून भिंतीतली वाफ आरपार निघून जाऊ शकते. उणे एवढेच की घोटायला कसबी हात लागतो. हात कच्चा असेल तर केसासारखे बारीक तडे पडतात, आणि लेप कोवळा असताना धक्का लागला तर खरचटतो.

दुसरा पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिस शहराजवळच्या खाणींतून हा दगड निघे, म्हणून हे नाव पडले. मूळ दगड म्हणजे जिप्सम. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानात सापडतो. जिप्सम साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्याच्या अंगातले चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से पाणी उडून जाते आणि भुकटी उरते. त्या भुकटीत पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते आणि वीस-तीस मिनिटांत घट्ट होते. अलीकडे जिप्समचा तयार गिलावा पोत्यांतून येतो. तो थेट विटांवरही लावतात. त्याला पाणी मारावे लागत नाही, काम झटपट होते, तडे कमी पडतात आणि भिंत आरशासारखी दिसते. कोरड्या खोलीत याला तोड नाही, हे आजही मान्य केले पाहिजे.

तिसरी पुट्टी. पांढरे सिमेंट, दगडाची बारीक भुकटी आणि चिकटपणासाठी काही द्रव्ये यांची ती भुकटी असते. पूर्वी रंगारी खडूची भुकटी आणि जवसाचे तेल कालवून लांबी भरत, त्याचेच हे नवे रूप समजा. ही वाळलेल्या गिलाव्यावर दोन हातांत पत्र्याने ओढतात. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. जाड थर दिला की तो सुटतो. भिंत बऱ्यापैकी सपाट असेल तर एका किलोत दोन्ही हात धरून साधारण दहा ते पंधरा चौरस फूट काम होते. पीओपीपेक्षा ही दमटपणाला जास्त टिकते. पण भिंतीच्या पोटातून येणारी ओल हिलाही थोपवता येत नाही. भिंतीत कायमची ओल असेल तर तिचेही पोपडे निघतात, फक्त थोडे उशिरा.

आणि चौथा आपला जुना पोतेरा, शेणामातीचा गिलावा. त्याला हसू नका. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे ज्या भिंतींवर आहेत, त्या खडकाला आधी मातीचाच गिलावा दिलेला आहे. त्या मातीत भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आहे आणि मग रंग. दीड हजार वर्षांहून अधिक काळ त्यातले बरेच टिकले आहे. पोतेऱ्याचे उणे म्हणजे तो दरवर्षी करावा लागतो, आणि ते कष्ट घरातल्या बाईच्या वाट्याला येतात. सुनेला त्यातून सोडवावे, ही आबांची इच्छा अगदी रास्त होती.

आता मुख्य गोष्ट. आबांची भिंत का फुगली?

शेतात चर न काढता वर्षानुवर्षे पाटपाणी दिले की काय होते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. घोडचा कालवा आला, ऊस आला, आणि जिथे निचरा नाही तिथे जमिनी खारवू लागल्या. खालचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, याला आम्ही केशाकर्षण म्हणतो. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते, तोच प्रकार. पाणी वर येऊन उडून जाते आणि विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. उन्हाळ्यात शेत पांढरे फटक दिसते ते यामुळे.

भिंतीतही हेच घडते. दगड-मातीची भिंत म्हणजे उभे केलेले शेतच. जोत्याखालची ओल भिंतीत चढते, साधारण कमरेपर्यंत येते, तिथून उडते आणि क्षार मागे ठेवते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. हे क्षार लेपाच्या आत साठले की त्यांचे खडे वाढतात आणि लेपाला आतून ढकलतात. काकू पांढरी माती लावत होती तेव्हाही ओल येतच होती. पण ती मातीतून सरळ बाहेर पडून वाळून जायची, आणि थोडाफार लोणा आला तरी दिवाळीच्या पोतेऱ्यात निघून जायचा. आम्ही सिमेंटचा गिलावा करून ती वाट बुजवली. मग ओल आणखी वर चढली, आणि जिथे वाट मिळाली तिथून लेप फोडून निघाली.

आबांच्या भिंतीत क्षार इतके का होते? कारण भिंतीच्या पलीकडे गोठा होता. तीन पिढ्यांचे गोमूत्र त्या भिंतीच्या पायाशी मुरले होते. गोठ्याच्या मातीत सोऱ्यासारखे क्षार तयार होतात, आणि पूर्वी अशाच मातीतून सोरा काढत असत. त्यात भर म्हणून आबा खताची पोती त्याच कोपऱ्यात ठेवत. आणि गिलावा कालवला तो विहिरीच्या मचूळ पाण्यात! ओल, क्षार आणि कोंडलेली भिंत, तिन्ही एकत्र आले.

आता यातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट सांगतो. जिप्सम हे माझ्या ओळखीचे द्रव्य. चोपण जमिनीला जिप्सम टाका, असे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले असेल. त्यातला कॅल्शियम पाण्यात उतरतो, मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो, आणि मग निचऱ्याच्या पाण्याबरोबर तो धुऊन जातो. हे कशामुळे होते? जिप्सम पाण्यात थोडाफार विरघळतो म्हणून. लिटरभर पाण्यात साधारण दोन ग्रॅम. शेतात त्याचा हाच गुण आपल्या उपयोगी पडतो. ओल्या भिंतीवर तोच गुण अवगुण होतो, कारण ओलीत तो मऊ पडतो आणि भुकटी होतो. हे मला कॉलेजात शिकवलेले होते. पण शेताचे ज्ञान मी शेतातच ठेवून घरी आलो होतो.

मग आम्ही काय केले ते ऐका.

आधी भिंतीपासून गोठा हलवला. भिंतीच्या बाहेरून दोन हात रुंदीची फरशी केली, तिला बाहेरच्या बाजूने उतार दिला आणि मूत्र वाहून जायला नाली काढून ती खताच्या खड्ड्यात सोडली. पत्र्याचे पाणी भिंतीवर उडत होते, तिथे पन्हाळ बसवली. हे झाल्यावर २०२० च्या फेब्रुवारीत आतून छातीइतक्या उंचीपर्यंत पीओपी आणि सिमेंट दोन्ही खरवडून काढले. मधल्या सांध्यांतली खारवलेली मातीही उकरून टाकली. पुढच्या आठवड्यातच नवा गिलावा करू, असे आबा म्हणत होते. पण गवंड्याला सवड नव्हती, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. भिंत तशीच उघडी राहिली. मार्च, एप्रिल, मे! तीन महिने उन्हाळ्याचा वारा तिला लागला. लोणा वर येई आणि वहिनी तो कोरड्या ब्रशने झाडून सुपात भरून बाहेर टाकत. पाण्याने धुवायचा नाही, हे मी बजावले होते, कारण धुतला की क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. आम्हाला वाटत होते काम रखडले, पण खरे काम त्या तीन महिन्यांतच झाले.

जूनच्या आरंभी शेजारच्या गावचा एक म्हातारा गवंडी मिळाला. एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू, असा गिलावा त्याने केला. पाणी पिण्याचे, गोडे वापरले. वरून नीरू घोटला आणि आठवडाभर गोणपाट ओले करून भिंतीचा ओलावा राखला. त्यावर तेलाचा रंग नाही, फक्त चुन्याची सफेदी.

त्यानंतर पाच-सहा पावसाळे झाले. भिंत अंड्याच्या टरफलासारखी नाही. एका कोपऱ्यात अजूनही हातभर जागेत थोडा लोणा येतो. तेवढा झाडून दिवाळीला सफेदीचा एक हात दिला की भागते. गव्हाची पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवतात. धान्याला बुरशी नाही.

तेव्हा तुमच्या घराचे काम निघाले तर लेपाचे नाव घेण्याआधी एवढे करा.

भिंतीची परीक्षा पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताच घ्या. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती शहाण्यासारख्या दिसतात. प्लॅस्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतला दमटपणा आहे. मग खिडकी उघडा, चुलीच्या वाफेला वाट करून द्या.

ओल पोटातली असेल तर ती कुठून येते ते शोधा. गोठा, मोरी, फुटका नळ, परसातला पाट, अंगणाचा उलटा उतार, भिंतीला टेकवलेली खताची पोती. आधी ते दुरुस्त करा आणि भिंतीला एक उन्हाळा वाळू द्या. नवे घर बांधत असाल तर जोत्याच्या उंचीला ओलरोधक थर घातल्याशिवाय वर वीट चढवू देऊ नका. तिथे वाचवलेले पैसे पुढे दर वर्षी भरावे लागतात.

मग लेप निवडा. भिंत पक्की, कोरडी, सिमेंटात बांधलेली असेल आणि बसण्या-उठण्याची खोली असेल तर पीओपी किंवा जिप्सम खुशाल करा. स्वयंपाकघरात पुट्टी बरी. मोरीच्या भिंतीला पीओपी नको आणि पुट्टीवरही भिस्त नको, तिथे सिमेंटचा गिलावा करून फरशी लावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर पुट्टी मारण्याआधी सात दिवस पाणी मारून नंतर तीन-चार आठवडे तो वाळू द्या. जुनी दगड-मातीची किंवा मातीत रचलेल्या विटांची भिंत असेल तर तिला चुनाच मानवतो. सिमेंटने तिला कोंडू नका. आणि धान्याच्या खोलीत रुपाकडे पाहू नका, कोरडेपणाकडे पाहा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. चुना विरवताना मुलांना लांब ठेवा. उसळलेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. पुट्टी किंवा पीओपी घासताना नाकातोंडावर फडके बांधा. ती भुकटी छातीला बरी नाही.

राहिली आबांची गोष्ट. गहू गेला, खोंडाचे पैसे गेले, ते काही परत आले नाहीत. खरवडण्याचा आणि चुन्याचा खर्च मी दिला. आबा घेत नव्हते, काकूने घ्यायला लावला. ती म्हणाली, "घे रं. त्याला बी रातची झोप लागली पायजे."

काकू आज नाही. पण शनिवारी बाजारात कोणी मला हटकून विचारले, "साहेब, भिंतीला काय लावू?" तर मी आता लेपाचे नाव सांगत नाही. मी विचारतो, "तुमच्या भिंतीच्या पलीकडं काय आहे?"